बेकरीवाल्या बाईंचा फोन

नील, ईशा,

ही गोष्ट मी तुमच्या आईला कधी सांगितली नाही. तुमच्या आजोबांनाही नाही — आणि ते तर तेव्हा शेजारच्याच खोलीत बसले होते. इतकी वर्षं गेली, आता सांगून काय होणार, असं मी स्वतःला सांगत आले. पण न सांगूनही काय होतं? ती काही विरघळत नाही. साखरेच्या डब्यात मुंगी राहून जावी तशी आत कुठेतरी फिरत राहते.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. माझं कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण ते फार नीटनेटकं व्हायला लागलं, अर्जासारखं. शिवाय ज्याबद्दल लिहायचं आहे, ते मी माझ्या चांगल्या इंग्रजीतच केलं होतं. म्हणून मराठीत लिहिते आहे. आई वाचून दाखवेल. मग तिलाही कळेल. कळू दे.

नील, हे आत्ता का आठवलं, ते सांगते. मागच्या महिन्यात तू न्यूझीलंडहून फोन केलास. वर्षभराचा व्हिसा काढून तू तिकडे गेलास — थोडं काम करायचं, थोडा देश बघायचा. हॉस्टेलच्या बंक बेडवर झोपून सफरचंदं तोडायला जातोस, हे ऐकून मी तुझ्या आईला म्हटलं होतं, याला घरी सफरचंद कापून द्यावं लागायचं. मग तुला एका कॅफेत काम लागलं आणि एक खोली आवडली. पण घरमालकीण म्हणाली, आधी कुठे राहत होतास तिथलं कुणीतरी तुझ्याबद्दल सांगायला हवं. तू हसत होतास. "आजी, तूच माझी लँडलेडी ना? कॉलेजची फोर इयर्स तुझ्याकडेच तर होतो. तुझं नाव देऊ? इट्स लिटरली वन फोन कॉल."

त्या बाईंचा फोन आला. छान बोलल्या. मुलगा भांडी घासतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घासतो, पण ओली तशीच ओट्यावर ठेवतो, ते तुम्ही बघून घ्या. त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला: खोली मिळाली, आजी, तुझ्यामुळे मिळाली.

मी देवापुढे निरांजन लावलं. मनापासून लावलं. परक्या देशात कुणीतरी माझ्या नातवाला दार उघडलं, याबद्दल मी आभारी आहे — त्या न पाहिलेल्या बाईंची फार आभारी आहे. आणि मग मी डायनिंग टेबलाशी बसले, आणि मला जेवण जाईना. कारण परक्या जागी काम आणि खोली शोधणाऱ्या एका तरुण माणसाबद्दल मला फोनवर विचारलं गेलं, ही काही पहिली वेळ नव्हती. पहिल्या वेळी मी वेगळं उत्तर दिलं होतं.

तुम्ही तेव्हा लहान होतात, अमेरिकेतच, पण लांब कॅरी गावात शाळेत जात होतात. इकडे पिस्कॅटवेच्या घरात आम्ही दोघंच. आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवतंय का, ते वॉकर धरून उभे राहायचे आणि एक पाऊल टाकून परत बसायचे? डॉक्टर म्हणत, चाला. फिजिओथेरपिस्ट म्हणे, चाला. मी म्हणे, अहो, चाला. ते पेपर वाचत.

त्याच मे महिन्यात मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की बार्शीची एक मुलगी आली आहे, तिला राहायला जागा हवी आहे. शलाका तिचं नाव. पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकत होती. नील, तू गेलास ना, साधारण तशाच व्हिसावर ती इथे आली होती — उन्हाळाभर काम करायचं, जमलं तर चार ठिकाणं बघायची आणि कॉलेज सुरू व्हायच्या आत परत जायचं. हायवेवरच्या एका मोटेलमध्ये तिला काम मिळालं होतं, चादरी बदलायचं. पण सांगितलं होतं त्याच्या निम्मेच तास देत होते, आणि मुलींना राहायला दिली होती मागची एक खोली, जिच्यात बॅगा ठेवल्या की पाय ठेवायला जागा उरत नव्हती.

ग्रुपवर सगळ्यात पहिलं उत्तर माझं होतं. मला त्याचा अभिमानही वाटला होता. तुमच्या आईची रिकामी खोली होती, घर मोठं होतं. मी तिला गाडीत घालून घेऊन आले. भाड्याचं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "भाडं कसलं? तू घरचीच आहेस."

हे शब्द तुम्हाला इंग्रजीत कसे समजावू? आपल्या लोकांत यापेक्षा मोठं काही देता येत नाही. परक्या माणसाला 'घरचीच' म्हटलं की सगळं दिलं. मी ते खोटेपणाने म्हटलं नव्हतं. पण ते म्हटल्याबरोबर काय होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही — की दिसलं होतं? भाडेकरूला वेळ असते, सुट्टी असते, तो खोलीचं दार लावून बसू शकतो. घरच्या माणसाला यातलं काही नसतं. घरचं माणूस पोळ्या लाटतं. घरचं माणूस म्हणत नाही की आज मला कंटाळा आला आहे.

आणि शलाका घरची झाली. मोटेलला जायच्या आधी ती स्वयंपाक करून जाई. आजोबा तिला आमच्याकडची, आमच्याकडची करत — त्यांचंही गाव बार्शीजवळच होतं. माझ्याकडून जे झालं नव्हतं ते तिने आठवड्यात केलं. वॉकर त्यांच्या पुढ्यात आणून ठेवायची आणि म्हणायची, "काका, मेलबॉक्सपर्यंत जाऊन आलात तरच चहा. नाहीतर काकू आणि मी दोघीच पिणार."

"ही पोरगी आहे का हेडमास्तर?" ते मला विचारत.

"हेडमास्तरांना छडी असते. माझ्याकडे नुसता आल्याचा चहा आहे," ती म्हणे.

ते उठत. रोज उठत. मेलबॉक्सपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या मेपलच्या झाडापर्यंत. त्यानंतरची जितकी वर्षं आजोबा स्वतःच्या पायांवर चालले, ईशा, तुझ्या शाळेच्या ग्रॅज्युएशनला पायऱ्या चढून वर येऊन बसले, ती त्या मुलीने दिलेली आहेत. मी हे जाणते. तेव्हाही जाणत होते. कृतज्ञता नव्हती म्हणून मी वाईट वागले, असं समजू नका. उलट, मला तिच्याबद्दल इतकं वाटत होतं की ती दुसरीकडे कुठे जावी, ही कल्पनाच सहन होईना. माणसाबद्दल इतकं वाटलं की त्याचं भलं करावंसं वाटायला हवं ना? मला तिला ठेवून घ्यावंसं वाटलं.

तिला बेकरी शिकायची होती. त्यासाठीच तर ती अमेरिकेत आली होती — चादरी बदलायला नव्हे. कॉलेजात पावाची प्रात्यक्षिकं व्हायची तेव्हा सगळी मुलं पळायची आणि ही पीठ मळत राहायची, असं ती सांगे. जूनच्या शेवटी तिला समुद्रकाठच्या एका गावात एक जुनी बेकरी सापडली. स्वतःच शोधली, फोन केला, सुट्टीच्या दिवशी ट्रेनने तिथे जाऊन दिवसभर काम करून दाखवलं. बेकरीच्या वर मुलींसाठी खोली होती, चांगली, खिडकीवाली. ज्या संस्थेमार्फत ती आली होती त्यांनीही काम बदलायला हरकत नाही म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या हातांना लोण्याचा वास येत होता. दालचिनी घातलेल्या रोलचा एक खोका आणला होता. आजोबांनी एक खाल्ला, दुसरा उचलला. म्हणाले, "हे बार्शीत मिळालं असतं तर मी कशाला येतो अमेरिकेला."

"मग मी शिकून बार्शीतच टाकते दुकान, काका. पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

"उधारीवर?"

"रोख. हेडमास्तर उधारी ठेवत नाहीत."

आम्ही तिघंही हसलो. मीही हसले. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, त्या बाई मला घ्यायला तयार आहेत. फक्त मी जिथे राहते त्यांच्याशी एकदा बोलायचंय म्हणाल्या. मी तुमचा नंबर दिलाय. चालेल ना?"

मी म्हटलं, न चालायला काय झालं.

फोन तीन-चार दिवसांनी सकाळी आला. शलाका मोटेलवर गेली होती. आजोबा बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसले होते. बेकरीच्या बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. आवाज दमलेला, पण चांगला होता. मुलगी प्रामाणिक आहे का? हो. स्वच्छ आहे का? अतिशय. इतरांशी जमवून घेते का? घेते. सगळं खरं सांगितलं मी. तिथपर्यंत सगळं खरं होतं, आणि फोन तिथेच संपला असता तर मी आज हे लिहीत नसते.

मग त्या म्हणाल्या, बेकरीचं काम पहाटे अंधारात सुरू होतं. आधीच्या दोन मुली उठायच्याच नाहीत, फार मनस्ताप झाला. बाकी सगळं शिकवता येतं हो, उठणं शिकवता येत नाही. ही उठेल का?

मी स्वयंपाकघरात उभी होते. समोर ओट्यावर शलाकाने जाण्यापूर्वी केलेल्या पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मी त्यांच्यावर हात ठेवला होता. त्या कधीच्या गार झाल्या होत्या — इतक्या लवकर उठून ती करून गेली होती.

आणि मी म्हटलं — माझ्या त्या गोड, कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, जराशी थांबून, जसं काही सांगायला जड जातंय — की मुलगी गुणी आहे, आम्हाला पोटच्या मुलीसारखी आहे. पण तुमची पुढे अडचण होऊ नये म्हणून सांगते, सकाळचं तेवढं तिचं कठीण आहे. उठवावं लागतं.

त्या म्हणाल्या, प्रामाणिकपणे सांगितलंत, फार आभारी आहे.

एवढंच. एक वाक्य. मी काही ठरवून बसले नव्हते, असं म्हणू का? खरं म्हणजे मलाच माहीत नाही. पण इतकं सहज, इतकं बेतशीर वाक्य आयत्या वेळी सुचतं का? कुठेतरी आत मी ते आधीच शिजवून ठेवलं असणार.

आजोबांनी बाहेरून विचारलं, "कुणाचा गं फोन?"

"इन्शुरन्सवाल्यांचा," मी म्हटलं.

मला मदतीची गरज होती, हे खरं. पण ती दुसरी मिळत होती, हेही खरंच. तुमच्या बाबांनी एका नर्सची सोय करून दिली होती. फक्त हो म्हणायचं होतं. मला नर्स नको होती. मला घरात मराठी बोलणारं, आल्याचा चहा करणारं, आजोबांना हसवणारं कुणीतरी हवं होतं — आणि त्याच्या बदल्यात काही द्यावं लागू नये, असंही हवं होतं. म्हणजे मला शलाकाच हवी होती. तिचा उन्हाळा हवा होता.

त्यानंतर ती येता-जाता फोन बघत राहिली. पोळी लाटताना पिठाच्या हाताने बघायची. शेवटी तिनेच फोन केला. आतल्या खोलीतून मला तिचं नुसतं 'ओके, मॅम, ओके' ऐकू आलं. बाहेर आली आणि कणकेचा उंडा हातात घेऊन म्हणाली, "दुसरं कुणीतरी घेतलं त्यांनी."

मी म्हटलं, असू दे, होतं असं.

"काकू," ती म्हणाली, "माझं इंग्लिश कमी पडलं असणार. तिथे मी सारखी सॉरी सॉरीच म्हणत होते. त्यांना वाटलं असेल हिला गिऱ्हाइकांशी बोलताच येत नाही."

आता ऐका. पहिलं खोटं मी फोनवर बोलले, एका अनोळखी बाईंशी. पण हे दुसरं. ती माझ्यासमोर उभी होती. तिचं इंग्रजी चांगलं होतं. बोलण्यात गावाकडचा हेल होता इतकंच, आणि तो गोड होता. मी एवढं जरी म्हटलं असतं, "नाही गं, तुझं इंग्रजी उत्तम आहे," तरी तिच्याजवळ काहीतरी राहिलं असतं. मी म्हटलं, "थोडं कच्चं आहे खरं. आपण बसत जाऊ रोज."

आणि आम्ही बसू लागलो. दुपारी, जेवणानंतर, याच टेबलाशी. मी शिकवलं, आणि मनापासून शिकवलं — हे लिहायलाही लाज वाटते, कारण मला त्यात आनंद मिळत होता. चुकीची फेड करते आहे असं वाटायचं. कसली फेड? जी उणीव तिच्यात नव्हतीच ती मी तिला दिली, आणि मग रोज थोडी थोडी काढून घेत होते. ती बोलण्याआधी थांबायला लागली. वाक्य मनात जुळवून मग बोलायला लागली. ऑगस्टमध्ये ती माझ्यासारखी बोलत होती. आजोबा म्हणाले, "हेडमास्तरच्या मॅडम झाल्या की." ती हसली, पण उलट उत्तर दिलं नाही. तिला उत्तर सुचलं नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

जाताना तिने आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला. आजोबा वॉकरशिवाय दारापर्यंत गेले आणि रडले. म्हणाले, पुढच्या खेपेला बेकरी दाखव. मी तिच्या हातात साडी दिली आणि ओटी भरली, माहेरवाशिणीसारखी. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली की काकू, तुम्ही नसतात तर या देशात माझं काय झालं असतं.

दर दिवाळीला तिचा मेसेज येतो. आजोबा गेले तेव्हा तिने पुण्याहून फोन केला. इतकं प्रेम मला पोटच्यांनीही क्वचित दिलं असेल. त्यातलं काही मी मिळवलेलं नाही. मला ते मिळालं, मी घेतलं, आणि अजून घेते आहे. देवाने मला आयुष्यात पुष्कळ दिलं: आजोबा दिले, तुमची आई दिली, तुम्हाला दिलं. पण ज्याच्यावर माझा काही हक्क नव्हता असं दिलेलं हे एकच, आणि म्हणून असेल, त्याची किंमत मला सगळ्यात जास्त कळते.

गेल्या हिवाळ्यात मी पुण्याला गेले होते, तेव्हा तिने मला तिच्या हॉटेलात चहाला बोलावलं. मोठं हॉटेल आहे. ती फ्रंट ऑफिस सांभाळते, तिच्या हाताखाली पुष्कळ मुलंमुली आहेत. सगळ्यांना बोलावून तिने माझी ओळख करून दिली. "या माझ्या अमेरिकेतल्या काकू. माझं इंग्लिश यांनी घडवलंय." मुलांनी मला नमस्कार केला. मी सगळ्यांना आशीर्वाद दिले.

मग आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. मी विचारलं, बेकरीचं काय केलंस गं?

"नाही हो काकू, ते राहिलंच," ती म्हणाली. "परत आले तर कॉलेजात सगळे म्हणाले, तुझं इंग्लिश एवढं चांगलं झालंय, तू भट्टीपाशी काय करणार, फ्रंटला ये. बरंच झालं म्हणा." घरी कधी करतेस का, असं विचारलं तर म्हणाली, ओव्हन घेतलाय, पण वेळ कुठे असतो.

ती सुखात आहे. मी शोधत होते ते दुःख मला तिच्या चेहऱ्यावर सापडलं नाही. मी का शोधत होते, कोण जाणे.

मग ती सहज, हसतच म्हणाली, "काकू, एक विचारू? त्या बेकरीच्या बाईंनी मला का घेतलं नसेल हो? इंग्लिशचं नसावं, आता वाटतं. त्या दिवशी तर त्या माझ्यावर इतक्या खूश होत्या. अजून कधीतरी मनात येतं."

शेजारच्या टेबलावर कुणी नव्हतं. घाई नव्हती. माझी तब्येत चांगली होती, आजोबा आता नव्हते, कुणाला सांभाळायचं नव्हतं. तिने विचारलं होतं, आणि उत्तर जगात फक्त माझ्याजवळ होतं.

मी म्हटलं, "लोकांचं काय सांगावं, बाळा."

तिने मान हलवली, आणि किटली उचलून आधी माझा कप भरला.